आकाशातलं मिनिट आणि घड्याळातलं मिनिट

उत्तररात्र

मागच्या आठवड्यात वांगणीला दुर्बीण घेऊन गेलो होतो. माझा हा दुसराच हिवाळा, त्यामुळे यंदा क्रॅब नेब्युला, म्हणजे वायूचा तो फिकट ढग, स्वतः शोधायचाच असं ठरवलं होतं. पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. चंद्र वर यायच्या आत जेमतेम दोन तास अंधार मिळणार होता.

वृषभ राशीत बैलाच्या एका शिंगाच्या टोकाला झीटा टॉरी नावाचा तारा आहे, नेब्युला त्याच्या शेजारीच. वहीत दोघांचे आकडे लिहून नेले होते. तारा: विषुवांश (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान) ५ तास ३७ मिनिटं ३९ सेकंद, क्रांती (उत्तर-दक्षिण स्थान) उत्तर २१ अंश ९ मिनिटं. नेब्युला: ५ तास ३४ मिनिटं ३२ सेकंद आणि उत्तर २२ अंश १ मिनिट. वजाबाकी करून खाली लिहिलं, "पश्चिमेला ३ मि., उत्तरेला ५२ मि." आयपीसमधून ४० मिनिटांचं आकाश दिसत होतं, म्हणजे पूर्ण चंद्राहून थोडं मोठं. तारा मध्यावर आणला, दुर्बीण ५२ मिनिटं वर नेली, पश्चिमेला केसभर सरकवली. काही नाही. पुन्हा पहिल्यापासून. काही नाही. थंडीत बोटं बधिर झाली, आयपीसवर दव धरलं, ते पुसून पुन्हा शोधलं. शेवटी पूर्वेला उजेड पसरला आणि चंद्र वर आला.

परतताना लोकलमध्ये वही उघडली तेव्हा चूक दिसली. उत्तरेकडची ५२ मिनिटं अंशाची होती, पश्चिमेकडची ३ मिनिटं तासाची. तासाचं एक मिनिट म्हणजे अंशाची पंधरा मिनिटं! मला पश्चिमेला तीन नाही, जवळजवळ ४७ मिनिटं जायला हवं होतं. नेब्युला सगळा वेळ आयपीसच्या चौकटीबाहेर, अगदी शेजारी होता.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. दोन निरनिराळ्या मापांना एकच नाव का? आणि हा १५ नेमका आला कुठून? आपल्याकडे कोनासाठी अंश, कला (अंशाचा साठावा भाग), विकला (कलेचा साठावा भाग) असे स्वच्छ वेगळे शब्द आहेत. मी वहीत "३ मि., ५२ कला" असं लिहिलं असतं तर ही रात्र वाया गेली नसती. इथे खगोल, पंचांग, सर्व्हे, यंत्रकाम करणारी मंडळी आहेत. तुमच्या कामात ही मापं कशी येतात ते वाचायला आवडेल.

बाराखडी

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारायचंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साठाची मोजणी बाबिलोनची. साठाला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३० या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो. दशांश अपूर्णांक लिहायची सोय नसलेल्या काळात हिशेब करणाऱ्याला यासारखं दुसरं सुख नाही. शंभराचा तिसरा हिस्सा काढायला गेलं की ३३ वर अडतं, साठाचा सरळ २० येतो. वर्तुळाचे ३६० अंशही तिथूनच आले. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने अंशाचे साठ भाग आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा साठ भाग करून आकाशाची कोष्टकं मांडली. लॅटिनमध्ये पहिल्या फोडीला म्हणत 'पार्स मिनुटा प्रिमा', म्हणजे पहिला बारीक भाग, आणि दुसऱ्या फोडीला 'पार्स मिनुटा सेकुंडा', दुसरा बारीक भाग. पहिल्यातलं 'मिनुटा' उरलं ते मिनिट. दुसऱ्यातलं 'सेकुंडा' उरलं तो सेकंद. मुलांना मी सांगायचो की सेकंद या शब्दाचा अर्थच मुळी 'दुसरा'. वर्गात लगेच चुळबुळ व्हायची, कारण शर्यतीत 'सेकंड' आलेला मुलगा आणि घड्याळातला सेकंद हे एकाच घरातले शब्द निघतात.

म्हणजे मिनिट आणि सेकंद जन्माने कोनाचे आहेत. घड्याळात ते नंतर आले. सामान्य घड्याळाला मिनिटकाटा बसवण्यात खरा अर्थ आला तो हॉलंडच्या हॉयगेन्सने १६५६ साली लंबकाचं घड्याळ तयार केल्यावर. त्याआधीची घड्याळं दिवसाला पाव-पाव तास चुकत, मिनिट दाखवून करणार काय?

आता तुमचा १५. दिवसाचे २४ भाग करायची चाल इजिप्तची, वर्तुळाचे ३६० भाग बाबिलोनचे. दोन वेगळ्या घरांतली मापं एका आकाशात एकत्र नांदायला लागली. ३६० भागिले २४ म्हणजे १५. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, मिनिटाला १५ कला, सेकंदाला १५ विकला. आकाशवाल्यांनी विषुवांश तासांत मोजायचं ठरवलं ते सोयीसाठी. आत्ता डोक्यावर ५ तासांची रेघ असेल तर तासाभराने ६ तासांची येणार.

अंजनवेल

उत्तम धागा. उत्तररात्र, तुमच्या दुरुस्तीत एक दुरुस्ती. एका मिनिटाला १५ कला हे फक्त खगोलीय विषुववृत्तावर खरं आहे. ध्रुवाकडे जावं तशा विषुवांशाच्या रेघा जवळ येत जातात, संत्र्याच्या फोडींसारख्या. तुम्ही साधारण साडेएकवीस अंश उत्तरेला होतात, तिथे ०.९३ ने गुणायला हवं. म्हणजे ४७ नव्हे, साडेत्रेचाळीस कला पश्चिमेला. ४० कलांच्या आयपीसमध्ये मध्यापासून कडेपर्यंत २० कलाच असतात, त्यामुळे तीन कलांचा फरकही जाणवतो. पुढच्या अमावास्येला जाल तेव्हा हा आकडा धरा.

उत्तररात्र

अंजनवेल, मन:पूर्वक आभार. वहीत खोडून दुरुस्त केलं. बाराखडी सर, सेकंद म्हणजे दुसरा हे आज पहिल्यांदा कळलं. रोज शेकडो वेळा तोंडात येणारा शब्द!

पंचांगवाचक

तुम्ही कला-विकलांचा विषय काढलात म्हणून लिहितो. घरात तीन पिढ्या पंचांग वाचलं जातं, आजोबांकडून मीही शिकलो.

आपल्याकडे दिवसाचे साठ भाग केले, चोवीस नाही. एक भाग म्हणजे घटिका, आजची २४ मिनिटं. घटिकेची साठ पळं, पळाची साठ विपळं. म्हणजे पळ २४ सेकंदांचं आणि विपळ ०.४ सेकंदांचं. अडीच घटिकांचा तास. जुन्या पंचांगात तिथी संपायची वेळ घटी-पळांत असे आणि ती सूर्योदयापासून मोजायची. १५ घटी ३० पळं लिहिलं असेल तर उगवतीनंतर ६ तास १२ मिनिटांनी. आजोबा हे तोंडी करत, 'घटीचे दोन पंचमांश की तास झाले' एवढं एकच सूत्र.

आता कोनाशी जोडून पाहा. साठ घटिकांत पृथ्वी ३६० अंश फिरते. म्हणजे घटिकेत ६ अंश, पळात ६ कला, विपळात ६ विकला. सर म्हणाले तो पाश्चात्त्यांचा १५, आपला ६. पण आपले ज्योतिषी तिथेच थांबले नाहीत. त्यांनी पळाचे सहा भाग केले आणि त्या भागाला नाव दिलं प्राण, म्हणजे निरोगी माणसाचा स्वस्थपणे घेतलेला एक श्वास. पळाचा सहावा हिस्सा म्हणजे ४ सेकंद, आणि तेवढ्यात पृथ्वी फिरते बरोबर एक कला. पूर्ण वर्तुळात २१,६०० कला, पूर्ण दिवसात २१,६०० प्राण. गुणायचंही नाही, भागायचंही नाही.

इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटांनी हे चार शब्दांत लिहिलं, 'प्राणेन एति कलां भूः'. एका प्राणात पृथ्वी एक कला जाते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे तर त्यात आहेच, ती किती वेगाने फिरते तेही आहे. (त्यांचा दिवस ताऱ्यांवरून मोजलेला, आपल्या दिवसाहून सुमारे चार मिनिटांनी लहान.) त्यांच्या ज्या-कोष्टकातली (म्हणजे आजच्या साइनच्या कोष्टकातली) त्रिज्याही कलांतच आहे, ३४३८. परीघ २१,६०० कला धरून त्याला दोन पायने भागून पाहा, ३४३७.७५ येतात.

तिथीसुद्धा कोनच आहे. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी झाली. नक्षत्र ८०० कलांचं, त्याचा एक चरण २०० कलांचा. सत्तावीस नक्षत्रांचे १०८ चरण, गुणिले २०० म्हणजे पुन्हा २१,६००. 'घटकाभर बस', 'पळभर थांब' हे आपण रोज बोलतो, पण पळ म्हणजे २४ सेकंद हे नातवंडांना माहीत नसतं. मुलांना निदान घटिका-पळं आणि कला-विकला शाळेत एकदा शेजारी शेजारी मांडून दाखवायला हव्यात असं मला फार मनापासून वाटतं.

उत्तररात्र

काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. एक श्वास, एक कला. वांगणीला आयपीसमध्ये तारा एका कडेकडून दुसरीकडे सरकताना मी रोज बघतो. विषुववृत्ताजवळचा तारा ४० कला ओलांडायला २ मिनिटं ४० सेकंद घेतो. म्हणजे चाळीस श्वास! पुढच्या वेळी मोजणार.

टूलरूम

आमच्याकडे आकाश नाही, पण मिनिटाने जॉब, म्हणजे यंत्रावरचा नग, बाद होतो.

बेव्हल प्रोट्रॅक्टर म्हणजे आमचा कोनमापक; त्याचा लीस्ट काउंट, म्हणजे वाचता येणारं सर्वांत लहान माप, ५ मिनिटं असतो. व्हर्नियरवर, म्हणजे त्याच्या सरकत्या बारीक पट्टीवर, शून्याच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा रेघा, एक रेघ ५ मिनिटांची. ड्रॉइंगवर टेपर (निमुळता उतार) होता ७.५ अंश. नव्या पोराने सेट केला ७ अंश ५ मिनिटं. व्हर्नियरची पहिली रेघ जुळवली, जुळवायची होती सहावी, कारण अर्धा अंश म्हणजे ३० मिनिटं. पोरगा हुशार होता, हातही स्वच्छ. दशांश टिंबानंतरचे पाच आणि पाच मिनिटं यांतला फरक त्याला कुणी कधी दाखवलाच नव्हता. शंभर मिलिमीटर लांबीत २५ मिनिटांचा फरक म्हणजे ०.७३ मिलिमीटर. गेजला लावून बल्बसमोर धरलं तर फटीतून नुसता उजेड. तीन पीस गेले.

मी तेव्हापासून नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट पाठ करायला लावतो. शंभर मिलिमीटरला एक मिनिट म्हणजे २९ मायक्रॉन. हा आकडा डोक्यात बसला की मिनिटाची भीतीही राहते आणि किंमतही कळते. साइन बार, स्लिप गेज हे सगळं त्यानंतर.

दोन_मुलांची_आई

टूलरूम दादा, अगदी हेच आमच्या घरी झालं. मुलगी दहावीत आहे. ताशी ४० किलोमीटरने साडेपाच तासांत किती अंतर, हे तिने ५.३० गुणिले ४० असं केलं आणि २१२ उत्तर आणलं. मला चूक कळत होती, पण नीट समजावता येईना. आज तिला हा धागा वाचायला बसवते.

बाराखडी

ताई, तिला सांगा की टिंब दहाचं आणि मिनिट साठाचं. मिनिटं टिंबापलीकडे न्यायची तर आधी साठाने भागायची. ३० भागिले ६० म्हणजे ०.५, म्हणून ५.५ तास आणि २२० किलोमीटर. तिच्याकडे सायंटिफिक कॅल्क्युलेटर असेल तर त्यावर अंश, एक उभी टिकली, दोन उभ्या टिकल्या अशी खूण असलेलं बटण शोधायला सांगा. ते एकच बटण कोनालाही चालतं आणि वेळेलाही.

मोजणी

तीच चूक नकाशावर. पुण्याचं स्थान १८ अंश ३१ मिनिटं उत्तर, ७३ अंश ५१ मिनिटं पूर्व. कुणीतरी फोनमध्ये १८.३१ आणि ७३.५१ टाकतं आणि टाचणी पडते तोरण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या रांगेत, पुण्यापासून चाळीसहून जास्त किलोमीटरवर. बरोबर आकडे १८.५१७ आणि ७३.८५. डोंगरात वाट चुकलेल्या माणसाचं ठिकाण कळवताना ही चूक झाली तर शोधायला गेलेली मंडळी भलत्याच खोऱ्यात उतरतील. ट्रेकचे ग्रुप चालवणाऱ्यांनी हे आपापल्या पोरांना जरूर शिकवावं.

अंदाजासाठी ध्यानात ठेवा: उत्तर-दक्षिण एक अंश सुमारे १११ किलोमीटर, एक कला १.८५ किलोमीटर, एक विकला ३१ मीटर.

मी वीस सेकंदांच्या, म्हणजे वीस विकलांपर्यंत कोन वाचणाऱ्या, थिओडोलाइटवर (सर्व्हेच्या कोन मोजणाऱ्या दुर्बिणीवर) शिकलो. वीस सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण एक किलोमीटरवर ते जवळपास दहा सेंटिमीटर होतात. जमिनीच्या कडेला दहा सेंटिमीटर म्हणजे काय, हे बांधावर भांडलेल्यांना विचारा. हल्लीची टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं, पाच सेकंदांची, एक सेकंदाचीही मिळतात.

भारत मोजायला १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरुवात करणाऱ्या लॅम्बटनचा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता, वर्तुळ तीन फूट व्यासाचं. वर्तुळ जितकं मोठं तितक्या बारीक रेघा कोरता येतात, म्हणून एवढं ओझं देशभर वाहायचं. तो माणूस काम करता करता १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. तिथेच त्याची कबर आहे. आमच्या कामातल्या माणसाने एकदा तिथे जाऊन डोकं टेकवावं.

संत्रानगरी

हिंगणघाटचं नाव निघालं म्हणून लिहितो, मी नागपूरचा. पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना आमच्याकडे हमखास वाटतं की इथे लवकर अंधार पडतो. पडणारच न भाऊ! आपली भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखांशाची, मिर्झापूरकडची. नागपूर ७९ अंश ५ मिनिटांवर, म्हणजे आमचा सूर्य त्या वेळेच्या १३ मिनिटं ४० सेकंद मागे. मुंबईचा ३९ मिनिटं मागे.

१ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईत मोठा विरोध झाला होता. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढची 'मुंबई टाइम' शहरात १९५५ पर्यंत चालली. लोकांना कुणी दुसऱ्याच गावाचा सूर्य आपल्या घड्याळात बसवतंय असं वाटलं असेल, तर मला ते समजतं.

दर्याकाठ

मर्चंट नेव्हीत बावीस वर्षं काढली. समुद्रावर अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. तासाला एक मैल म्हणजे एक नॉट. नकाशाच्या उभ्या कडेवर कला छापलेल्या असतात, डिव्हायडर तिथे लावायचा आणि अंतर मोजायचं. वेगळी पट्टी लागत नाही. विकला मात्र आम्ही वापरत नाही, कलेचा दहावा हिस्सा लिहितो. सेक्स्टंट, म्हणजे क्षितिजापासून सूर्याची उंची मोजायचं यंत्र, तेही तेवढंच वाचतं.

जीपीएस असलं तरी सूर्य घ्यायला, म्हणजे त्याची उंची मोजून जहाजाची जागा काढायला, आम्हाला शिकवलं जायचं आणि मी शेवटपर्यंत घेत राहिलो. तिथे रेखांश कळतो तो वेळेवरून. क्रोनोमीटर, म्हणजे जहाजावरचं अचूक घड्याळ, ४ सेकंद चुकला की जहाज रेखांशात एक कला चुकतं, विषुववृत्तावर पूर्ण एक सागरी मैल. पंचांगवाचक काकांचा प्राण वाचला आणि अंगावर काटा आला. एका श्वासाची चूक म्हणजे एक मैल. पहिल्या बोटीवर सेकंड ऑफिसर माझ्या शेजारी उभा राहून 'स्टँड बाय... नाउ' म्हणायचा तेव्हा मी खरंच श्वास धरून ठेवायचो.

दशमान

सगळं वाचून माझं मत उलट झालं. इतक्या जणांच्या चुका साठामुळेच झाल्या आहेत. संगणकाला आणि फोनला आकडे दशांशातच द्यायला सोपे. अंशाचे पाच दशांश दिले की साधारण मीटरभर अचूक जागा मिळते. मग कला-विकला कशाला जपायच्या?

बाराखडी

प्रश्न रास्त आहे. फ्रान्सने हे करून पाहिलं. १७९३ मध्ये दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटं, मिनिटाचे शंभर सेकंद. दीडेक वर्षात, १७९५ मध्ये, गुंडाळावं लागलं. काटकोनाचे शंभर भाग करणारा ग्रॅड मात्र टिकला, युरोपातल्या काही सर्व्हे यंत्रांवर अजून वर्तुळाचे ४०० भाग असतात. त्यात समभुज त्रिकोणाचा कोन ६६.६६६… येतो, कधीच पूर्ण होत नाही. साठ अंश लिहिताना हात अडत नाही. मोजायला दशांश घ्या, माझी हरकत नाही. पण कंपासने वर्तुळ काढून त्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा करणाऱ्या मुलाला ६० हातात मिळतो, तो त्याच्याकडून काढून घेऊ नये.

मोजणी

दशमान, रोजच्या कामात मीही दशांशच भरतो. पण जुने नकाशे, जुन्या नोंदी, सगळं अंश-मिनिट-सेकंदांत आहे. ते वाचता आलंच पाहिजे.

संत्रानगरी

एक सुचवू? २६ जानेवारीला सुट्टी आहे. झेंडावंदन करून घरी आलं की गच्चीवर एक सरळ काठी ओळंब्याने उभी करायची. साडेअकराच्या सुमारास सावलीच्या टोकाला खडूने खूण करून वेळ लिहायची आणि काठीच्या बुडाशी दोरी बांधून त्या खुणेतून वर्तुळ काढायचं. दुपारी सावलीचं टोक त्याच वर्तुळाला पुन्हा टेकेल ती वेळ लिहायची. दोन्हींचा मध्य म्हणजे त्या गावाचा खरा मध्यान्ह. सर्वांत आखूड सावली नजरेने पकडण्यापेक्षा हे कितीतरी नेमकं येतं. मी नागपुरातून करतो. पश्चिमेकडून कोण करतं?

दोन_मुलांची_आई

आम्ही पनवेलला. मुलगी लगेच तयार झाली आहे. ओळंबा म्हणून दोरीला कुलूप बांधलं तर चालेल ना?

संत्रानगरी

चालेल ताई. फक्त वाऱ्याने हलू देऊ नका.

संत्रानगरी (२६ जानेवारी)

नागपूरचा मध्यान्ह: १२ वाजून २६ मिनिटं. रेखांशाचे १४ आणि बाकीचे सूर्याच्या या दिवसांतल्या मंद चालीचे.

दोन_मुलांची_आई

पनवेल: पहिली खूण ११:३४, दुसरी २:०८. मध्य १२:५१. मुलीने स्वतः काढला, आधी साठाने भागून. म्हणजे पंचवीस मिनिटांचा फरक आला. तिने नकाशावरून रेखांशही काढले, पनवेल ७३ अंश ७ कला, नागपूर ७९ अंश ५ कला. वजाबाकी ५ अंश ५८ कला. गुणिले ४ करून २३ मिनिटं ५२ सेकंद यायला हवेत म्हणते. मिनिटभराची चूक खडूच्या जाड रेघेची असणार. 'कला' हा शब्द तिने आपणहून लिहिला आहे.

पंचांगवाचक

बाळ, शाब्बास! आता २३ मिनिटं ५२ सेकंद पुन्हा एकदा बघ. नागपूर आणि पनवेल यांच्यामध्ये जवळजवळ नेमके ६ अंश आहेत, म्हणजे एक घटिका. तिकडे सूर्य माथ्यावर आला की आपल्याकडे घटकाभराने येतो.

उत्तररात्र

आणि माझाही निकाल. परवाच्या अंधाऱ्या रात्री पुन्हा वांगणीला गेलो. वहीत या वेळी "पश्चिमेला ४३.५ कला, उत्तरेला ५२ कला" असं लिहिलं होतं. आयपीसच्या कडेला एक फिकट डाग, कापसाच्या बोंडाएवढा. मध्यावर आणला, नजर थोडी बाजूला वळवली की जास्त स्पष्ट दिसे. मोटार बंद करून त्याला सरकू दिला आणि श्वास मोजत बसलो. चौकटीबाहेर जाईपर्यंत एकवीस झाले.